मंदाबाईंचा साडेसहाचा तारा

ताटात बासष्ट वाती वळून झाल्या होत्या, शेहेचाळीस बाकी होत्या. एवढ्यात गच्चीवरून रक्षा ओरडली, "आई, आला! आजही आला!" मंदाबाईंनी मांडीवरचा कापूस तसाच ठेवला, देवाजवळची वही ओढली आणि लिहिलं, 'साडेसहा. तारा आला.'

ही वही सगळ्या वडनेराला माहीत होती. नळ किती वाजता गेला, एकादशीला कोण भजी खाताना सापडलं, सगळं तिच्यात. लेक नागपूरहून एम.एस्सी.चा प्रकल्प घेऊन घरी आली, तेव्हा तारासुद्धा वहीत चढला. शहरात मोबाइल टॉवरांच्या लहरींचा गोंगाट फार, गावाच्या कडेला शांतता, म्हणून रक्षा इथं आली होती. तारा पाहायचा नव्हता, ऐकायचा होता.

"पल्सर म्हणतात त्याले," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "मेलेला तारा हाय, पण भिंगरीवानी फिरते अन् दर फेरीले रेडिओचा एक ठोका देते."

"मेल्यावरही काम करते?" मंदाबाई म्हणाल्या. "तुया बाबाले जित्तेपणी तीनदा उठवा लागते."

कुरड्या वाळवायची जाळी वाकवून रक्षानं गच्चीवर अँटेना केला, तेव्हा मंदाबाईंनी दोन दिवस तोंड फुगवलं. पण स्पीकरमधून टिक, टिक सुरू झाल्यावर त्यांनीच जाळीला हळदकुंकू लावलं, गुळाचा नैवेद्य दाखवला आणि गल्लीभर सांगून आल्या. सोमवारी सरांना अहवाल द्यायचा होता. तारा खरा निघाला तर रक्षा पास, नाहीतर अख्खी सहामाही पुन्हा.

आज नववा दिवस. रक्षा धडधडत खाली आली. "आई, वही दे. सर वेळा मागून राह्यले. ठोके मोजायच्या नादात मी लिहिल्याच नाई."

तिनं पानं उलटली. साडेसहा, साडेसहा, साडेसहा. तिचा चेहरा उतरत गेला.

"रोज साडेसहाच?"

"मंग! वक्ताचा पक्का हाय. तुयासारखा नाई."

"आई, तारा रोज चार मिनिटं आधी येते. नऊ दिवसांत अर्धा तास आधी याले पाहिजे होता." रक्षा खाली बसली. "हा तारा नाई."

फक्त मंगळवारी लिहिलं होतं, 'तारा आला नाही.' त्याच्या वरची ओळ होती, 'हरिदासभाऊ लग्नाला हिंगणघाटला गेले.' आणि बुधवारची, 'हरिदासभाऊंच्या हरभऱ्यात डुकरं शिरली.'

दोघींनी मागच्या खिडकीतून पाहिलं. घराच्या भिंतीला लागूनच हरिदासचं शेत. रानडुकरं आत येऊ नयेत म्हणून भोवती तार, आणि तारेला सेकंदासेकंदाला झटका देणारं मशीन. हरिदास ते रोज देवाला दिवा लावून साडेसहाला सुरू करायचा.

"अगं माय!" मंदाबाईंनी कपाळावर हात मारला. "अन् म्या त्याले नैवेद्य दाखवला!"

रक्षाला हसू आलं नाही. डोळे भरले होते. "खरा तारा असन तर याच ठोक्याखाली दबला असन. मंगळवारच्या एका दिवसानं भागत नाई. अजून दोन दिवस सात ते नऊ मशीन बंद राह्यलं तं..."

मंदाबाई तडक भिंतीपाशी गेल्या आणि शेतातल्या हरिदासला हाक मारली. सगळं ऐकून हरिदास म्हणाला, "मशीन बंद ठेवतो न वहिनी. पण डुकरं हरभरा खातीन, तुमचा तारा नाई खात."

"सात ते नऊ मी बसतो बांधावर. भजन म्हणतो," मंदाबाई म्हणाल्या.

"भजनानं डुकरं पयतात का?"

"तुमी तं पयता! म्हणून पिपाही वाजवतो."

हरिदासनं मशीनचं बटण दाबलं. गच्चीवरची टिकटिक थांबली. रक्षा पायऱ्या चढता चढता म्हणाली, "आई, मोबाइल बांधावर नेजो नको, त्याचाही आवाज जाळीत येते."

मंदाबाईंनी वही उघडली. 'तारा आला' यावर काट मारली आणि पुढं लिहिलं, 'हरिदासभाऊंचं मशीन.' वातींच्या ताटावर झाकण घातलं, पिशवी घेतली आणि त्या किराणा दुकानात निघाल्या, तेलाचा रिकामा पिपा आणायला.