सुखरामभाऊची टोपली

सुखरामभाऊला विहिरीतून वर काढलं तेव्हा खाली पंप चालूच होता आणि बिडी कामगारांच्या वस्तीवर पाणी पडतच होतं. वस्ती वाचली. तो गेला... याला काही आठवडे झाले. लोक म्हणतात, आता राग सोड. मी हे रागातच लिहितो आहे.

गोंदियाच्या आगीच्या बंबावर तो पंप चालवायचा. मी कामगारांची पत्रकं वाटत फिरायचो. "तुह्या कागदानं आग लागते, माह्या मशीननं इझते. आपला धंदा बरा चालून राहिला," असं म्हणून तो मला चहा पाजायचा. दर रविवारी तो दोघांनी उचलण्याजोगा लहान पंप गावाबाहेरच्या तळ्यावर नेऊन चालवून बघायचा. पाण्यात सोडायच्या नळीच्या तोंडाला त्यानं स्वतः विणलेली बांबूची टोपली बांधलेली असे. गाळ आणि मासे आत ओढले जाऊ नयेत म्हणून. आणि त्याचा एक नियम होता: बंद जागी इंजिन चालवायचं नाही, धूर माणसाला मारतो.

गोरेगावच्या वाटेवरच्या त्या वस्तीत भर दुपारी झोपड्या पेटल्या. लागूनच जुन्या जमीनदार मालकांची बोडी, म्हणजे छोटं तळं, उन्हाळ्यातही भरलेली. मालगुजारी कायद्यानं गेली, बोडी मात्र त्यांच्याकडेच राहिली. आम्ही नळी खांद्यावर घेऊन बोडीच्या पाळीवर, बांधावर चढलो, तर मालक लाठीवाले घेऊन उभे.

"माहे मासे मरतीन. तिकडं विहीर हाय ना?"

"मासा आत जात नाही जी. हे टोपली पाहा," भाऊ हात जोडून म्हणाला.

"टोपली तुह्या घरी ने."

मी पुढे सरसावलो. भाऊनं माझी कॉलर धरली. "भांडाले येळ नाही बाबू, घरं जळून राहिली."

विहिरीचं पाणी इतकं खोल गेलेलं, की काठावरून पंपाला ते ओढता येईना. भाऊनं पंप दोरांनी आतल्या टप्प्यावर उतरवला आणि मागोमाग स्वतः उतरला. नियम त्याचाच होता, तो विसरला नव्हता. पण नळीचा सांधा हवा खात होता. कुणीतरी खाली राहून तो हातानं पुन्हा पुन्हा आवळायलाच हवा होता. धार सुटली, वर आरोळी उठली... आणि खाली धूर साचत गेला.

तेराव्याला मालक हार घेऊन आले. विहिरीवर त्याच्या नावाचा दगड बसवतो म्हणाले. भाऊची बायको, यमुनावहिनी, उठल्या. "हार माशायले घाला जी. त्यायच्यासाठीच गेला माहा माणूस."

मालकांची मान खाली गेली नाही. त्याच क्षणी मी ठरवलं, ती घालायला लावायची.

दगड नको. क्षमा तर नाहीच. भाऊचा रविवार आम्ही मोडलेला नाही, फक्त तळं बदललं. बंबावरची माणसं आणि अख्खी वस्ती पंप घेऊन त्याच बोडीवर जाते. लाठीवाले असतात, आम्ही जास्त असतो. "काऊन आले रे?" मालक ओरडतात. टोपली पाण्यात बुडते, धार थेट त्यांच्या अंगणात पडते. मग वहिनी ती टोपली सोडवून घेतात, मालकांच्या पायरीवर जातात, त्यांच्या डोळ्यांसमोर उलटी करतात आणि झटकतात.

अजून एकही मासा पडलेला नाही.