काचेच्या बशीतले ठोके

सुलभाताईंची मुलगी मीनल एकोणिसाव्या वर्षी हृदयाच्या स्नायूंच्या आजाराने गेली. त्यानंतर ताईंनी आपलं साड्यांचं मोठं दुकान विकलं आणि त्या आजारावरच्या संशोधनाला मदत करणारा एक ट्रस्ट काढला. तिथला पत्रव्यवहार मी पाहते. प्रयोगशाळेचे जाडजूड अहवाल आले की ताई चष्मा लावून नेटाने वाचतात आणि म्हणतात, "निम्मं कळत नाही गं, तरी वाचते."

परवा आमच्या मदतीवर काम करणाऱ्या डॉक्टर नाझियाने आम्हा दोघींना प्रयोगशाळेत बोलावलं. सूक्ष्मदर्शकाखाली काचेची छोटी बशी होती.

"याच आजाराच्या एका पेशंटच्या रक्तापासून हृदयाच्या पेशी तयार केल्यात," ती म्हणाली. "नवं औषध दिलंय. बघा."

ताई वाकल्या. डोळा भिंगाला लावला. मग एकदम ओरडल्या, "अगं, ठोके पडतायत! एका लयीत पडतायत!"

मीही पाहिलं. इवलासा पारदर्शक पुंजका मिटत होता, उमलत होता. गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी आपण फोटोला हार घालतो, बागेत बाक ठेवतो. इथे त्या मायेतून काहीतरी चक्क हलत होतं.

"औषध देण्याआधी लय चुकत होती. पण ते पेशंटपर्यंत पोचायला अजून बरीच वर्षं लागतील हं," नाझिया म्हणाली.

"लागू देत. ज्याचं रक्त आहे, तो माणूस कसा आहे?"

"मुलगी आहे. कॉलेजला जाते."

ताई हसल्या, पुन्हा वाकल्या. त्यांचं पाऊल त्या ठोक्यांबरोबर नकळत ताल धरू लागलं.