दोरीवालीचे विरळ खाचर

तिला ‘दोरीवाली’ हे नाव कौतुकाने पडले नव्हते. भाताची लावणी म्हणजे रोपांचा झुबका घ्यायचा आणि दिसेल त्या मोकळ्या जागी रोवायचा, हा गावाचा शिरस्ता. हिने मात्र शेतीशाळेत शिकल्याप्रमाणे खाचरात दोरी ताणली, प्रत्येक गाठीपाशी एकच कोवळे रोप लावले आणि मधली जागा चक्क मोकळी सोडली.

शेत एकत्र कुटुंबाचे, शब्द थोरल्या दिरांचा. मोठ्या मिनतवारीने त्यांनी एक खाचर दिले होते, तेही अटीवर. धान्य वाढले तर पुढच्या हंगामी सगळी खाचरे तिच्या रीतीने. नाहीतर दोरी गुंडाळायची आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

लावणी झाली. खाचराला टक्कल पडल्यासारखे दिसू लागले. बांधावरून जाणारे दिरांना विचारीत, “काय दादा, रोपं कमी पडली का? आमच्याकडची न्या की!”

एका सकाळी ती शेतावर आली आणि थबकलीच. अर्धे खाचर गच्च हिरवे! उरलेल्या जुन्या रोपांच्या जुड्या घेऊन दीर चिखलात उभे होते.

“भावजी, हे काय केलंत?”

“अगं, लोक हसतात! तुझीच लाज राखतोय. दुपारपर्यंत बाकीचंही भरतो.”

“उपटून टाकू या,” तिच्याबरोबर आलेली जाऊ पदर खोचून पुढे सरसावली. “मी येते, चल.”

दोरीवाली उत्तर देणार तोच तिचे डोळे चमकले. “नको, राहू दे तेवढं! पण बाकीच्या अर्ध्याला कुणी हात लावायचा नाही. दोन्ही शेजारी शेजारीच वाढू देत. बघू या!”

आणि काय वाढले! विरळ बाजूला एकेका रोपाला इतके फुटवे आले की बुंधा मुठीत मावेना. गच्च बाजूची रोपे उंच झाली खरी, पण किडकिडीत. मात्र विरळ अर्धे खाचरात पाणी शिरते त्या तोंडाशी होते. सारे श्रेय दोरीला देणे घाईचे ठरले असते. दीरही नेमके हेच सर्वांना ऐकवीत.

झोडणीनंतर अंगणात दोन राशी पडल्या. दोन्हींतून आळीपाळीने टोपल्या भरू लागल्या. बघ्यांची दाटी झाली. गच्च बाजूची रास संपली. विरळ बाजूची अजून गुडघाभर उरलेली! जावेने टाळीच वाजवली.

“पाणी तुझ्या बाजूला होतं,” दीर पुटपुटले.

“मग पुढच्या वेळी लांबच्या खाचरात करून बघू.”

“एकाच कशाला? सगळ्यांत कर. शब्द म्हणजे शब्द.”

पुढच्या लावणीला ते स्वतःच नवी दोरी घेऊन हजर. तिने दोन गाठींमध्ये वीत ठेवून पाहिली.

“भावजी, गाठी जवळ आल्यात.”

“थोड्याशाच गं. मनाला धीर नको?”

“सोडा त्या.”

दीर बांधावर मांडी घालून बसले आणि एकेक गाठ दातांनी सोडवू लागले.