रजिस्टर पत्र आणि आमचा ‘जर्मन’

मी रत्नागिरीच्या पोस्टात कारकून होतो आणि माझा राग सदा नाकाच्या शेंड्यावर. पण त्या माणसापुढे माझा आवाज कधी चढला नाही. झारच्या अमलात तो एका जिल्ह्याचा मोठा अधिकारी होता म्हणे. क्रांती झाली, राज्य बुडालं, नि हा फिरत फिरत आगबोटीने आमच्या बंदरावर उतरला. मांडवीजवळ खोली घेऊन घड्याळं नि शिवणयंत्रं दुरुस्त करू लागला. हात तेलाने काळे, पण कोटाची बटणं सगळी लावलेली. खलाशी येवो की मामलेदार, उठून उभा राहायचा.

अर्थात तो रशियन हे आम्हाला फार नंतर कळलं. गावाने त्याला ‘जर्मन’ करून टाकलं होतं. गोरा आहे, इंग्रज नाही, मग जर्मन, संपला विषय! नाव कुणी विचारलंच नाही. नाव विचारायचं ते परक्याला, आणि हा तर दोन महिन्यांत आमचा झाला होता.

डाक आली की खिडकीशी यायचा. “माझं काही?” मी नकारार्थी मान हलवायचो. त्याची मुलगी पळापळीत हरवली होती, जिवंत आहे की नाही ठाऊक नव्हतं. जिथे राहील तिथला पत्ता तो जुन्या ओळखीच्यांना कळवत असे. एवढं त्याने एकदा सांगितलं होतं.

आणि एके दिवशी परदेशातून रजिस्टर पत्र आलं. नाव हातभर लांब, पुढे इंग्रजीत ‘रशियन’, खाली रत्नागिरी. पोस्टमन म्हणाला, “आपल्याकडं रशियन कोण नाय हो. एक गोरा हाय, पण तो जर्मन.” खरंच की! नियमाप्रमाणे मुदतभर पत्र ठेवलं, मग पाकिटावर ठसठशीत अक्षरांत शेरा मारला, ‘असा माणूस गावात नाही’, आणि परत धाडलं. कामात चोख ना मी!

महिन्याभराने घड्याळ आणायला त्याच्याकडे गेलो, तर पोलीस त्याचे कागद तपासत होता. त्याने नाव मोठ्याने वाचलं. तेच नाव. मी परत धाडलेल्या पाकिटावरचं.

पोलीस गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला. त्याने विचारलं, “अक्षर बाईचं होतं?”

“हो.”

“शिक्का?”

“इस्तंबूलचा.”

“म्हणजे आहे ती!” तो केवढा हसला. मग एकाएकी चेहरा उतरला. “पण तिला तुम्ही कळवलंत, की मी नाही.”

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, “मीही असे कागद परत पाठवलेत. माणूस शोधायला कधी खुर्चीवरून उठलो नाही. तुम्ही सांगायला तरी आलात.” मग शांतपणे विचारलं, “वहीत त्या पत्राचा नंबर असेल ना? त्यावरून तिथलं पोस्ट तिला शोधेल.”

तिथल्या पोस्टाला लिहायचा, नि त्यांनी तिला दाखवायचा, मजकूर त्याने सांगितला, मी लिहिला. तो म्हणाला, “तुमच्याच अक्षरात जाऊ दे. ज्या हाताने ‘नाही’ लिहिलं, त्याच हाताने ‘आहे’ लिहिलेलं तिला दिसू दे.” चूक माझी, हेही मी घातलं. ते खोडा, नोकरी जाईल, म्हणून तो माझ्याशी भांडला. अहो, ज्याचं सगळं गेलं तो माझ्या नोकरीची काळजी करत होता! मी खोडलं नाही.

सगळा पावसाळा गेला. डाकेच्या दिवशी तो यायचाच. आधी माझ्या बायकोमुलांची चौकशी करायचा, मला लाज वाटू नये म्हणून, आणि मग पत्राची.

दिवाळीच्या सुमाराला ते अक्षर पुन्हा माझ्या हातात पडलं. पोस्टमनला दिलं नाही. खिडकी लावली, वही काखेत मारली आणि भर दुपारी मांडवीपर्यंत धावत सुटलो. पाकीट पुढे केलं, तर हा हात मागे घेतो! “आधी सही. नियम आहे.”

टाक काही त्याला धरवेना. चारदा कागदावर टेकवला, चारदा बोटं थरथरली. शेवटी त्याने अंगठ्याला शाई लावली, वहीत ठसा उमटवला आणि मगच पाकीट हातात घेतलं.