केळीच्या बागेतला परण्या

भाच्याला लग्नाच्या दिवशी घोडीसकट केळीच्या बागेत नेणारा मामा आमच्या घराण्यात मीच पहिला.

लहानपणी अहमदपूरला मी पपईच्या देठाची पिपाणी करून दिसेल त्या वरातीपुढं चालायचो. मोठेपणी बँडवाल्यांचा लाल कोट घालून क्लॅरिनेट वाजवायची, हे पक्कं होतं. झालो मास्तर! पण स्वप्न काही डोक्यातून जाईना. पन्नाशीत जुनी क्लॅरिनेट आणली, दार लावून शिकलो आणि आईची अंगाई तेवढी बसली. (शेजाऱ्यांची झोप मात्र उडाली.)

भाच्याचं, पप्पूचं, लग्न अर्धापूरला होतं. मुहूर्ताआधी नवरदेव घोडीवर बसून, बँड लावून मारुतीच्या पाया पडायला निघतो, तो परण्या. चौकात बँडमास्तर क्लॅरिनेट काखेत धरून पाणी प्यायला थांबला. मी लाज सोडून म्हणालो, "जरा मला वाजवू देता का?"

"वाजवा की, सर! ही घोडी क्लॅरिनेटच्या मागंच चालती, एवढं ध्यानात ठेवा."

बायकोनं डोळे वटारले. "अहो, पोराचं लग्न हाय. तमाशा करू नका!"

मी डोळे मिटून अंगाई धरली. आता अंगाईवर नाचणार कोण? पोरांनी ताशेवाल्याला घेरून तिथंच धिंगाणा मांडला, घोडीवालाही त्यांच्यात घुसला. मी आपला चालतोय! ताशा हळूहळू मागं पडला. गार वारं लागलं, पानं सळसळली. अहो, मी आठ वर्षांचा झालो होतो! पायात चप्पल नाही, तोंडात पपईचा देठ आणि अख्खी वरात माझ्यामागं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. (हे घरी वाचून दाखवणार नाही.)

"मामा!" मागून हाक आली. मला वाटलं, दाद! मी आणखी रंगलो.

"ओ मामा! कुठं आणलं मला?"

डोळे उघडले, तर चहूकडं केळीच केळी! घोडीवर सेहरा बाजूला सारून बसलेला पप्पू. बाकी चिटपाखरू नाही.

"तू बोलला का नाहीस रे?"

"डोळा लागला होता की!"

तेवढ्यात बहिणीचा फोन. "कुठं मेलात रे? इथं अक्षता वाटून राहिले! नवरीचा बाप रडकुंडीला आलाय!"

पप्पूच्या तोंडचं पाणी पळालं. "मामा, लग्न मोडतंय माझं!"

"उतर, पळत जाऊ!"

"आई म्हणली, मारुतीपर्यंत पाय भुईला लावायचा न्हाई."

मी लगाम ओढला. घोडी ढिम्म! वाजवलं की चालायची, थांबलो की केळीची पानं खायची. शेवटी वाजवत निघालो. धाप लागली, अंगाईची कुकरची शिट्टी झाली, तरी मारुती गाठला, मांडव गाठला. मुहूर्त हुकता हुकता राहिला. बहिणीनं पप्पूला पोटाशी धरलं आणि मला ठेवणीतल्या शिव्या दिल्या.

जेवणं उरकल्यावर बँडमास्तर जवळ आला. "सर, आमच्या बँडमध्ये येता का?"

माझा ऊर भरून आला. डोळ्यांत पाणीच आलं हो! "क्लॅरिनेटला?"

"न्हाई, न्हाई! घोडीला रानात चारून आणायला. तुमच्या मागं लई गुमान चालती."

आता यावर शहाण्या माणसानं रागवायला पाहिजे. मी विचारलं, "लाल कोट देणार का?"