व्हिएन्ना ते पॅरिस दोन तास, आणि खफजी ते मुंबई?

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

दुपारी इथे आखातातच, ओलाया भागात भाच्याच्या ऑफिसात गेलो होतो. तो युरोपची सहल ठरवत होता. व्हिएन्ना ते पॅरिस हजारेक किलोमीटर, विमानाने दोन तास. "दोन तास फुकट जाणार, मामू!" म्हणून कुरकुर चालली होती.

मग मध्येच म्हणाला, "गल्फ वॉरमध्ये तुम्ही कुवेतच्या सीमेवर, खफजीत अडकलात कसे? मुंबई तर चार तासांवर. सरळ तिकीट काढायचं ना!"

माझी सटकलीच. सरळ? अरे, आमचे पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे आम्हाला व्हिसावर आणणाऱ्या मालकाच्या कपाटात होते! पलीकडे कुवेतमध्ये रणगाडे शिरले, तसा तो बायकापोरांना घेऊन जेद्दाला निघाला. "बुक्रा येतो," म्हणजे उद्या येतो म्हणाला, आणि चावी खिशात घालून गेला. कपाट फोडलं असतं, तरी त्याच्या सहीशिवाय देश सोडता येत नव्हता. आम्ही आठ जण तोफा ऐकत बसलो. त्याचा तो उद्या युद्ध संपल्यावर उजाडला.

भाचा हसला. "आता तसं नसतं, मामू."

"तुझा पासपोर्ट कुठंय?"

"एचआरकडे. तिथे सेफ असतो ना."

मी चहा तसाच टाकून उठलो.

तुमचा कुठंय?