खलास म्हणणारा ड्रायव्हर

पीठ लागल्यासारखे दोन्ही तळहात एकमेकांवर झटकायचे आणि म्हणायचं, "खलास." जेवण झालं, खलास. गाडी धुतली, खलास. दोघांचं भांडण मिटवलं, खलास. इथल्या अरबी लोकांत हा शब्द संपलं, झालं, ठरलं, सगळ्याला चालतो. आपल्याकडे खलास म्हणजे माणूस मेला. हा ओमानात इतकी वर्षं राहिला होता की आपल्याकडचा अर्थ पार विसरून गेला होता.

तुमच्याही बिल्डिंगखाली असा एखादा असेल. तुम्ही नाव विचारत नाही, तो सांगत नाही, आणि तरी रोज चहाला घरात असतो. आमचा हा ड्रायव्हर बरका गावच्या शेतांवरून भाजी भरून इकडे शहरात, अल् घुब्रातल्या दुकानांना टाकायचा. आमच्या खालच्या दुकानात क्रेट उतरवले की वर यायचा. माझ्याच तालुक्यातला निघाला. मी सुतार, शाळा चौथी, सगळी उमर इथे लाकूड कापण्यात गेली. आता मुलाच्या फ्लॅटवर असतो. तो मला भाऊ म्हणायचा, माझ्या बायकोला वहिनी. ती त्याला मेल्या म्हणायची. तिने मेल्या म्हटलं की तो खूश. मी म्हटलं असतं तर जुंपली असती.

शुक्रवारी बरक्याला कोकणातल्या पोरांच्या मॅची असतात. टेनिसचा बॉल, मातीचं मैदान, कडेला ताडपत्रीचा मांडव आणि भोंग्यावर कॉमेंट्री. माझी नात चार वर्षांची. तिने मॅच बघितली नाही हे ऐकून त्याला असं वाईट वाटलं, जसं काही पोरीला आम्ही उपाशी ठेवलंय. सूनबाई म्हणाली, ऊन फार असतं. बायको म्हणाली, टोपी घाला आणि चला, मीही येते. मग सगळेच निघालो. पुढे त्याची पिकअप, मागे आमची गाडी.

नात शाळेत इंग्रजी बोलते, मराठी अडखळते. त्याला इंग्रजी येत नाही. दोघांचं खलासवर जमलं. बॅट्समन आउट झाला की तो बोट दाखवायचा, "दॅट मॅन खलास." नात तळहात झटकून ओरडायची, "खलास!" बाजूचे लोक मॅच सोडून तिच्याकडे बघायला लागले. माझी बायको खुर्चीत बसून इतकी हसत होती की पदराने डोळे पुसत होती.

आणि मग नात दिसेना.

मला वाटलं सूनबाईकडे आहे, सूनबाईला वाटलं माझ्याकडे. मुलगा मांडवामागे पळाला, सूनबाई बायकांच्या बाजूला. मैदानाला कुंपण नाही, पलीकडे मोठा रस्ता, आणि गाड्या अशा जातात की माणूस दिसला तरी ब्रेक लागायचा नाही. मी रस्त्याकडे पळालो. या वयात पळालो. तेवढ्यात फोन वाजला. ड्रायव्हरचाच होता. भोंगा कोकलत होता, वारा सुटला होता. मला तीनच शब्द ऐकू आले. पोरगी. गाडी. खलास.

फोन बंद.

मी वाळूत बसलो. मागे चौकार गेला असावा, लोक ओरडत होते. मला आठवतं, माझ्या मनात रडू वगैरे काही नव्हतं. एकच होतं, हे बायकोला कोण सांगणार. तिची छाती आधीच नाजूक, गोळ्या चालू. मी कसाबसा उठलो आणि पार्किंगकडे गेलो. तिथे गर्दी असेल, रक्त असेल, असं धरूनच गेलो.

गर्दी नव्हती. पिकअपच्या मागे रिकाम्या क्रेटमध्ये नात पाय दुमडून झोपली होती. टोपी तोंडावर. एका हातात अर्धा टोमॅटो. आणि हा बाजूला उभा राहून तळहात झटकत होता. "भाऊ, म्हटलं ना, पोरगी गाडीत आहे, शोधाशोध खलास."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. दिली ते बरोबरच केलं, आजही तसंच वाटतं. तो गाल चोळत म्हणाला, "भाऊ, सापडली म्हणून मारता, नसती सापडली तर काय केलं असतं?"

घरी आल्यावर मी हे बायकोला सांगितलं. मला वाटलं घाबरेल. ती हसत सुटली. दुसऱ्या दिवशी तो चहाला आला तेव्हा कपबशी त्याच्यापुढे ठेवून म्हणाली, "मेल्या, माझी पाळी येईल तेव्हा तरी यांना नीट सांग हां. तो शब्द नको."

तो म्हणाला, "खलास, वहिनी." म्हणजे ठरलं. आम्ही तिघंही हसलो. मी सर्वात जास्त.

ती पाळी उन्हाळ्यात आली. सकाळी ओट्यापाशी उभी होती, तिथेच खाली बसली. मुलगा ऑफिसला गेलेला. सूनबाईने गॅलरीतून हाक मारली, खाली ड्रायव्हर होता, तो क्रेट टाकून वर धावला. तिला दोन्ही हातांवर उचलून जिना उतरला, सूनबाईला बरोबर घेतलं आणि हॉस्पिटलात गेला. नातीला एकटं कसं ठेवणार, म्हणून मी घरी राहिलो.

त्याने फोन केला नाही. मुलालाही करू दिला नाही, हे मला नंतर कळलं. तीन मजले चढून तो दारात येऊन उभा राहिला. दोन्ही हात खिशात कोंबलेले. त्याला मी कधी खिशात हात घातलेला बघितला नव्हता. मग म्हणाला, "वहिनी गेल्या, भाऊ."

मी विचारलं, "कुठे?"

खरंच विचारलं. मला वाटलं दुसऱ्या हॉस्पिटलात नेली. त्याच्या तोंडून एकच शब्द ऐकायची सवय, आणि तो तर त्याने उच्चारलाच नव्हता. तो दारातच चपलांवर बसला आणि माझे पाय धरले. तेव्हा मला कळलं. अजून कधीकधी चहा टाकताना मी दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. असं कसं झालं, हेच पुन्हा पुन्हा मनात येतं.

त्यानंतर माझ्यासमोर तो शब्द त्याच्या तोंडातून गेला नाही. चहा संपला की कप उपडा ठेवायचा. पुढे त्याच्या अर्बाबने, म्हणजे अरबी मालकाने, भाजीचा धंदाच बंद केला आणि याचा व्हिसा कॅन्सल झाला. निरोप घ्यायला आला. आता तरी म्हणेल, असं मला वाटत होतं. म्हणाला, "येतो, भाऊ." आपल्यात जाणारा येतोच म्हणतो. तो काही यायचा नाही. गाव त्याचं आणि माझं जवळ, पण मी इथे.

गेल्या शुक्रवारी मुलाने पुन्हा मॅचला नेलं. सूनबाई, नात, मी. एक खुर्ची जास्तीची उघडली गेली, ती कुणी मिटली नाही. शेवटचा बॉल पडला, पोरं मैदानात धावली. नातीने आजूबाजूला बघितलं. मग दोन्ही तळहात समोर धरले आणि माझ्याकडे बघत थांबली.

मी तिचे हात माझ्या हातात घेतले आणि घट्ट धरून ठेवले.